क्रोकस, स्नोड्रॉप, ट्युलिप जळगाव-धुळ्यात फुलतील का? खानदेशातल्या बागेसाठी कंदफुलांचं गणित

फेब्रुवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर युरोपातल्या बागांचे रील्स फिरू लागतात. बर्फ अजून पुरता वितळलेला नसतो आणि त्यातूनच वीतभर उंचीची जांभळी, पांढरी, निळी फुलं वर आलेली दिसतात. क्रोकस, स्नोड्रॉप, मस्कारी, सिला अशी त्यांची नावं. वसंताची चाहूल देणारी ही फुलं छोट्या कंदांपासून येतात आणि हे कंद आता ऑनलाइन विकतही मिळतात. त्यामुळे जळगावच्या एखाद्या कॉलनीत किंवा धुळ्याच्या देवपुरात ते घरपोच यायला अडचण नाही.

अडचण पुढे सुरू होते. कुंडीत लावलेल्या कंदाला बहुतेक वेळा चार पानं फुटतात, फूल येतच नाही, मार्चच्या उन्हात पानं करपतात आणि कंद मातीतच सडतो. पाणी कमी पडलं, खत चुकलं, असा समज होतो. प्रत्यक्षात चूक देखभालीची नसते. त्या कंदाचं घड्याळ वेगळ्या हवामानाला लावलेलं असतं.

हे घड्याळ कसं चालतं, खानदेशात कोणते कंद फुलतात आणि पैसे कुठे वाया जातात, हे समजून घेऊ.

कंद म्हणजे नेमकं काय?

मराठीत जमिनीखालच्या जवळपास सगळ्याच फुगीर भागाला आपण कंद म्हणतो. वनस्पतीशास्त्रात मात्र त्यांचे प्रकार वेगळे आहेत.

कांदा, निशिगंध, ट्युलिप, स्नोड्रॉप हे पापुद्र्यांचे कंद. कांदा कापल्यावर एकावर एक थर दिसतात. ते पानांचेच जाड झालेले बुडखे असतात आणि त्यात अन्न साठवलेलं असतं. क्रोकस आणि ग्लॅडिओलसचा कंद आतून भरीव असतो, सुरणासारखा. हळद आणि आलं ही आडवी वाढणारी खोडं आहेत. जळगावच्या शेतकऱ्याला तर हा विषय नवा नाहीच. केळीचं खरं खोड जमिनीखाली असतं आणि वर दिसतो तो पानांच्या देठांचा गुंडाळा. म्हणून तर केळीची लागवड बियांपासून न करता कंदापासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून केली जाते.

सगळ्यांचं काम एकच. हवा प्रतिकूल असेल तेव्हा जमिनीखाली झोप काढायची आणि दिवस बरे आले की साठवलेल्या अन्नावर पटकन वर यायचं. फरक इतकाच, की प्रतिकूल काळ कोणता हे प्रत्येक प्रदेशात वेगळं असतं.

युरोपातल्या छोट्या कंदांना थंडी का लागते?

क्रोकस, स्नोड्रॉप, ट्युलिप यांच्या पूर्वजांची भूमी म्हणजे दक्षिण युरोप, तुर्कस्तान आणि मध्य आशिया. तिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक. उन्हाळ्यात कंद झोपतो, पण त्याच काळात आतमध्ये पुढच्या वर्षाची इवली कळी तयार होत असते. शरद ऋतूत मुळं फुटतात. त्यानंतर कित्येक आठवडे थंडी मिळाली, की कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि कळीचा देठ लांबण्याची तयारी होते. थंडी ओसरली की फूल झपाट्याने वर येतं.

ही थंडी मिळाली नाही, तर कळी आतच सुकते किंवा फूल पानांच्या बुडाशी अडकून राहतं. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. क्रोकस आणि मस्कारीची गरजही बरीचशी याच पट्ट्यात येते.

"पण धुळ्यात कडाक्याची थंडी पडते की!"

हा प्रश्न रास्त आहे. धुळ्यात काही हिवाळ्यांत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि राज्यातल्या सर्वात थंड ठिकाणांच्या बातम्यांत धुळ्याचं नाव येतं. मग तेवढी थंडी पुरत का नाही?

कारण बातमीतला आकडा पहाटेचा असतो. त्याच दिवशी दुपारी तापमान २५ अंशांच्या वर गेलेलं असतं. मातीखालचा कंद पहाटेचे दोन-तीन तास मोजत नाही. त्याला जाणवते ती दिवस-रात्रीची सरासरी आणि जानेवारीतही ती खानदेशात २० अंशांच्या आसपास राहते. थंडीची लाटही काही दिवसांत ओसरते. कंदाला मात्र सलग तीन-चार महिने हवे असतात.

दुसरी अडचण फुलानंतरची. फूल गेल्यावर पानं हिरवी राहून पुढच्या वर्षासाठी कंद भरतात. त्यासाठी त्यांना दीड-दोन महिने सौम्य ऊन लागतं. खानदेशात मार्चमध्येच ऊन चटके देतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. म्हणजे पहिल्या वर्षी फूल आलंच, तरी कंद पुढच्या वर्षासाठी भरत नाही.

मग दिल्लीत ट्युलिप कसे फुलतात?

श्रीनगरमध्ये दल सरोवराजवळचं ट्युलिप गार्डन २००७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये बहर असतो. काश्मीरचा हिवाळाच तसा आहे, त्यामुळे त्यात नवल नाही.

दिल्लीचं गणित वेगळं आहे. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने रस्त्याकडेला आणि बागांमध्ये लावलेले ट्युलिप फेब्रुवारीत फुलतात. पण त्यासाठी नेदरलँड्समधून कंद आणावे लागतात. त्यांना आधी शीतगृहातली थंडी दिलेली असते आणि दिल्लीतल्या थंडीत ते लावले जातात. बहर दोन-तीन आठवड्यांचा. थोडक्यात, दिल्लीत ट्युलिप "पिकत" नाहीत. दुसरीकडे तयार झालेलं फूल तिथे उमलवलं जातं.

घरच्या फ्रिजमध्ये हा प्रयोग करता येतो का?

येतो, पण एका हंगामाचा खेळ म्हणूनच.

• सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कडक, जड, बुरशी नसलेले कंद घ्यावेत.
• कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १२ ते १४ आठवडे ठेवावेत. फ्रीझरमध्ये नाही.
• शेजारी केळी, सफरचंद अशी पिकणारी फळं ठेवू नयेत. त्यांतून निघणारा इथिलिन वायू कंदातली कळी मारतो. जळगावच्या घरात ही सूचना विशेष महत्त्वाची.
• डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला कुंडीत लावावेत. कुंडीला सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारी सावली.

सगळं जमलं तर फेब्रुवारीत फूल दिसेल आणि उन्हाच्या झळांमध्ये काही दिवसांत संपेल. पुढच्या वर्षासाठी तो कंद जपून ठेवण्यात अर्थ नाही. एवढं माहीत असून पैसे घालायचे असतील तर हरकत नाही. विक्रेता "दरवर्षी फुलेल" असं सांगत असेल, तर ते खानदेशासाठी खरं नाही.

खानदेशाचा स्वतःचा वसंतकंद: कांदा

थंडीवर फुलणारा एक कंद मात्र खानदेश पिढ्यान् पिढ्या पिकवतोय. तो म्हणजे कांदा. युरोपातल्या बागांत शोभेसाठी "ॲलियम" नावाची गोल गेंदांची फुलं लावतात. आपला कांदा त्याच ॲलियम कुळातला.

कांद्याची थंडीची गरज ट्युलिपपेक्षा सौम्य आहे. साधारण १० ते १५ अंशांच्या रात्री काही आठवडे मिळाल्या, की पुरेशा वाढलेल्या कांद्यातून फुलांचा दांडा निघतो. यालाच शेतकरी डेंगळे म्हणतात. खाण्यासाठी कांदा लावणाऱ्याला डेंगळे नको असतात, कारण अशा कांद्याचं मधलं खोड जाड होतं, तो टिकत नाही आणि बाजारात भाव पडतो. बियाण्यासाठी कांदा लावणाऱ्याला मात्र डेंगळेच हवे असतात. साक्री आणि धुळे तालुक्यांतल्या कांदा उत्पादकांना हे दोन्ही अनुभव ओळखीचे आहेत. ज्या थंडीने एकाचं नुकसान होतं, तीच दुसऱ्याचं पीक असते.

बागेसाठी याचा उपयोग असा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब आलेले कांदे सापडतात. ते बहुतेक उन्हाळ कांदे असतात, म्हणजे एप्रिल-मेपासून साठवलेले. त्यातला मध्यम किंवा मोठा, कडक कांदा निवडायचा. दहा-बारा इंची कुंडीत मान मातीच्या पृष्ठभागाशी येईल असा लावायचा. दिवसभर ऊन लागेल अशी जागा, आणि माती वरून सुकली की पाणी. जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन फुटांचे पोकळ दांडे येतात. एका कांद्यातून अनेकदा एकापेक्षा जास्त. प्रत्येकाच्या टोकाला शेकडो इवल्या पांढऱ्या फुलांचा गोंडा. मधमाश्या त्यावर दिवसभर असतात, म्हणून या काळात कीटकनाशक फवारू नये. फुलकिडे दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा मारून ते कमी करता येतात.

एप्रिलपर्यंत गोंड्यात काळं बी धरतं. कांद्याचं बी जास्त टिकत नाही. ठेवायचंच असेल तर त्याच वर्षी वापरावं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसात काय फुलेल?

युरोपातला कंद हिवाळ्यात झोपतो. खानदेशात जमणारे बहुतेक शोभेचे कंद कोरड्या काळात झोपतात आणि ऊब किंवा पाऊस आला की उठतात. त्यामुळे त्यांना फ्रिजची गरज नाही, फक्त पाणी तोडण्याची गरज आहे.

अमॅरिलिस: लाल-केशरी, कर्ण्यासारखी मोठी फुलं. बहर मार्च-एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा आठवडे पाणी जवळजवळ बंद ठेवायचं आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करायचं. कंदाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे, पूर्ण पुरला तर कुजतो.

फुटबॉल लिली: लाल तंतूंचा गोळा. मे महिन्यात फुलते म्हणून तिला "मे फ्लॉवर"ही म्हणतात. खानदेशात आखाजीच्या आगेमागे दांडा डोकावू लागतो. हिला भर उन्हाची गरज नाही. झाडाखालची विरळ सावली मानवते. हिवाळ्यात पानं वाळली की कुंडी कोपऱ्यात सरकवून विसरली तरी चालते.

रेन लिली: छोट्या कंदांमध्ये खानदेशासाठी सर्वात भरवशाची. कंद लसणाच्या गड्ड्याहून लहान, पानं गवतासारखी, फुलं गुलाबी, पांढरी किंवा पिवळी. मूळची अमेरिका खंडातली, पण महाराष्ट्रातल्या अंगणांत ती इतकी रुळली आहे की परकी वाटत नाही. कोरड्या काळानंतर चांगला पाऊस झाला की तीन-चार दिवसांत एकदम फुलते. कानबाईच्या रोटांच्या दिवसांत, श्रावणात, तिची रांग भरात असते. क्रोकसची हौस असलेल्यांनी आधी हीच लावावी. उंची तेवढीच, गर्दी तशीच, आणि कंद दरवर्षी वाढत जातात.

निशिगंध: फेब्रुवारी ते मे दरम्यान लागवड करतात. तीन-चार महिन्यांत फुलं सुरू होतात.

ग्लॅडिओलस: सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये लावला तर साधारण अडीच-तीन महिन्यांनी फुलतो, म्हणजे ऐन थंडीत.

पेपरव्हाइट नर्गिस: नर्गिसांच्या जातींपैकी हिला कडक थंडीची गरज नसते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावली तर डिसेंबर-जानेवारीत सुवासिक पांढरी फुलं मिळतात. मात्र खानदेशात हीसुद्धा एकाच हंगामापुरती धरावी.

काळ्या जमिनीत कंद का कुजतो?

तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापूस आणि केळीला उत्तम. पण ती पाणी धरून ठेवते, पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. झोपलेल्या कंदाला ओल चालत नाही. त्यामुळे कंद थेट अंगणात पुरण्याऐवजी गादीवाफा करावा, म्हणजे जमिनीपासून सहा-आठ इंच उंच. कुंडीसाठी एक भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालतं. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. खत ओलं किंवा अर्धवट कुजलेलं असेल तर कंदाला बुरशी लागते.

खोलीचा साधा नियम: कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल. अपवाद अमॅरिलिस, फुटबॉल लिली आणि कांदा. यांची मान पृष्ठभागाशी किंवा वर राहते.

फूल गेल्यावर दांडा कापावा, हिरवी पानं कापू नयेत. पुढच्या वर्षाचं फूल त्याच पानांतून तयार होतं. पानं आपोआप पिवळी पडली की पाणी थांबवावं. काढलेले कंद साठवायची पद्धत खानदेशाला शिकवावी लागणार नाही. कांदाचाळीचं तत्त्वच इथे लागू पडतं: कोरडी जागा, खेळती हवा, सावली आणि ढीग न करता पातळ थर. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेला कंद घाम येऊन सडतो.

खरेदी करताना कुठे फसवणूक होते?

"निळ्या ट्युलिपच्या बिया": शुद्ध निळा ट्युलिप अस्तित्वात नाही. जे आहे ते जांभळ्याकडे झुकणारं. शिवाय ट्युलिप बियांपासून फुलायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. बियांचं पाकीट घेऊन तीन महिन्यांत फुलं मिळण्याची जाहिरात म्हणजे सरळ थाप.

"अमेरिकन केशर": खरं केशर हे क्रोकसच्याच एका जातीपासून मिळतं. तिला बी धरत नाही, लागवड कंदांपासूनच होते. फुलंही वसंतात न येता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. काश्मीरमधलं पांपोर त्यासाठी प्रसिद्ध आहे. "अमेरिकन केशर" म्हणून विकलं जाणारं बी करडईचं असतं. करडईच्या पाकळ्यांना रंग असतो, केशराचा भाव नसतो. कुणी केशराच्या बिया विकत असेल, तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवावा.

नाव नसलेले कंद: वर्णनात फक्त "इम्पोर्टेड लिली मिक्स" असेल आणि शास्त्रीय नाव, कंदाचा घेर सेंटीमीटरमध्ये दिलेला नसेल, तर नेमकं काय येईल सांगता येत नाही. लहान घेराचा कंद त्या वर्षी फुलेलच असं नाही.

परदेशातून आणणं: ॲमस्टरडॅमहून परतताना नातेवाईक हौसेने ट्युलिपचे कंद आणतात. भारतात लागवडीचं साहित्य आणण्यासाठी वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ लागू आहे. त्यानुसार आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावर कंद जप्त होऊ शकतात. कंदाला चिकटून येणारी बुरशी किंवा सूत्रकृमी इथल्या कांदा-केळीला लागू नयेत, हा त्यामागचा हेतू.

सातपुड्यातले रानकंद खणून आणावेत का?

नाही. सातपुड्याच्या उतारांवर आणि खानदेशातल्या माळांवर कंदवर्गीय वनस्पती आहेत. रानकांद्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी एकही पान नसताना उंच फुलोरा येतो, पानं पावसानंतर. युरोपातल्या निळ्या सिलाची एक नातेवाईक महाराष्ट्राच्या माळरानावर वाढते. ठिपकेदार पानांची लेडेबोरिया ही ती. तिला पूर्वी सिलाच म्हणत. पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुलं कुंपणावर दिसतात.

यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातून वनस्पती काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही खणलेला रानकंद कुंडीत बहुधा टिकत नाही आणि माळावरची एक जागा कायमची रिकामी होते. फोटो काढावा, कंद तिथेच राहू द्यावा.

हे कंद विषारी असतात का?

बरेचसे, होय. अमॅरिलिस, रेन लिली, नर्गिस, स्नोड्रॉप यांच्या कंदांत लायकोरिनसारखी द्रव्यं असतात. खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी होते. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि तो जीवघेणा ठरू शकतो. रानकांद्यातल्या द्रव्यांचा परिणाम हृदयावर होतो. गंमत म्हणजे, अल्झायमरवर वापरलं जाणारं गॅलँटामिन हे औषध स्नोड्रॉप आणि नर्गिसाच्या कुळातूनच मिळालं. पण ते प्रयोगशाळेतल्या मोजक्या मात्रेत, घरगुती काढ्यात नव्हे.

धोका मुख्यतः गैरसमजाचा. शोभेचे कंद कांद्या-लसणासारखे दिसतात. म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत, पिशवीवर नाव लिहावं आणि लहान मुलं, गुरं, कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवावेत. खाल्ल्याचा संशय आला तर उरलेला कंद सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जावं.

वर्षाचं वेळापत्रक

• ऑक्टोबर-नोव्हेंबर: कोंब आलेला कांदा, ग्लॅडिओलस, पेपरव्हाइट नर्गिस लावणे.
• डिसेंबर-जानेवारी: अमॅरिलिसचं पाणी तोडणे. फ्रिजमधले कंद असतील तर कुंडीत लावणे.
• फेब्रुवारी-मार्च: कांद्याचे गोंडे फुलतात. अमॅरिलिसला पाणी सुरू. निशिगंधाची लागवड सुरू.
• एप्रिल-मे: अमॅरिलिस, मग फुटबॉल लिली. झोपलेल्या कंदांच्या कुंड्या सावलीत.
• जून-सप्टेंबर: रेन लिली. पाऊस सुरू होण्याआधी कंद विरळ करून नव्या कुंड्यांत लावणे.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने दोनच गोष्टी कराव्यात: जूनच्या आधी रेन लिलीचे दहा-बारा कंद आणि नोव्हेंबरमध्ये टोपलीतले दोन कोंबलेले कांदे. रेन लिलीचे कंद ज्यांच्या अंगणात आहेत त्यांच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी जास्तीचे होतातच. कांदे तर घरातच असतात.